एकाच चुलीवरचं जेवण, मग एक जाड आणि एक बारीक का?

प्रश्न : आम्ही दोघी जावा महाड तालुक्यातल्या सव गावात एकत्र कुटुंबात राहतो. चूल एक, भात-भाकरी-कालवण एक, शेतातलं कामही जवळपास सारखंच. तरी गेल्या पाच-सहा वर्षांत माझं वजन वाढतच चाललंय आणि जाऊबाई मात्र लग्नात होत्या तशाच सडसडीत. मुंबईचे दीर म्हणतात, "वहिनी, तुमच्या पोटातल्या जंतूंचा समतोल बिघडलाय." त्यांनी 'चांगल्या जंतूं'च्या कॅप्सूलची बाटली पाठवलीय, एका कॅप्सूलमध्ये ५०० कोटी जंतू आहेत असं वर लिहिलंय. जंतूंनी माणूस जाड होतो का? या कॅप्सूल घेऊ का? आणि येत्या जूनला मुलगी शिकायला पुण्याला जाणार आहे. बाहेरच्या खाण्याने तिचंही असंच होईल का?

उत्तर : ताई, तुमच्या दिरांचं म्हणणं निम्मं खरं आहे. आतड्यातल्या जंतूंचा आणि वजनाचा संबंध आहे, तो प्रयोगांत दिसलेला आहे. पण 'जंतू बिघडले म्हणून वजन वाढलं, आणि जंतू गिळले की ते उतरेल' हे गणित इतकं सरळ सुटत नाही. कुठे अडतं ते कळायला आधी हे जंतू पोटात बसून काय करतात ते पाहायला हवं.

जंतू म्हटलं की आपल्याला पटकी, हगवण, विषमज्वर आठवतो. आतड्यातले बहुतेक जंतू मात्र रोग करणारे नसतात. पहिले आईकडून येतात, मग दुधातून, मातीतून, घरातल्या माणसांकडून भर पडत जाते आणि मूल तीन वर्षांचं होईपर्यंत त्यांची घडी बरीचशी बसते. त्यांचा मुक्काम मुख्यतः मोठ्या आतड्यात असतो. 'माणसाच्या पेशींच्या दहापट जंतू' आणि 'पोटात दोन किलो जंतू' ही वाक्यं वर्षानुवर्षं छापली गेली. २०१६ मध्ये इस्रायलच्या वाइझमन संस्थेतल्या संशोधकांनी हा हिशेब नव्याने मांडला. तेव्हा आकडा आला साधारण ३८ लाख कोटी जंतू आणि माणसाच्या स्वतःच्या ३० लाख कोटी पेशी, म्हणजे जवळपास बरोबरीच. या सगळ्या जंतूंचं मिळून वजन भरतं सुमारे २०० ग्रॅम. तेव्हा जंतूंची संख्या वाढली म्हणून वजनाचा काटा सरकला, अशी शंका मनात असेल तर ती इथेच सोडून द्या. त्यांचा परिणाम होतो तो त्यांच्या कामामुळे.

ते काम तुमच्या ताटावरूनच पाहू. दुपारी तुम्ही नाचणीची भाकरी आणि कुळथाची पिठी खाल्लीत. भाकरीतल्या पिठाची लहान आतड्यात साखर होते आणि ती रक्तात जाते. पिठीतली प्रथिनं सुटी होऊन शोषली जातात, फोडणीतलं तेल पित्ताच्या मदतीने पचतं. काही तासांनी मागे उरतो तो नाचणीच्या सालीचा कोंडा, कुळथातल्या काही विशिष्ट साखरा आणि थोडं न पचलेलं पीठ. हा कोंडा आणि या साखरा फोडणारे पाचकरस माणसाच्या शरीरात तयारच होत नाहीत. हा उरलेला भाग मोठ्या आतड्यात उतरतो. जंतूंकडे मात्र तो फोडायची हत्यारं आहेत. तिथे प्राणवायू जवळपास नसतो, त्यामुळे ते अन्न आंबतं आणि त्यातून मुख्यतः तीन छोटी आम्लं तयार होतात : ॲसिटेट, प्रोपिओनेट आणि ब्युटिरेट. जोडीला हायड्रोजन, कार्बन डायऑक्साइड आणि काही जणांत मिथेन हे वायूही निघतात. वालाचं बिरडं खाल्ल्यावर संध्याकाळी पोट फुगतं ते यामुळेच. थोडा वायू धरणं हा बिघाड नव्हे, जंतू कामावर असल्याची ती खूण आहे.

यातलं ब्युटिरेट हे मोठ्या आतड्याच्या अस्तरातल्या पेशींचं मुख्य अन्न. प्रोपिओनेट बहुतेक यकृताकडे जातं, ॲसिटेट रक्तातून अंगभर फिरतं. दिवसभरात आपल्याला लागणाऱ्या ऊर्जेचा लहानसा भाग, साधारण दहाव्या हिश्श्याच्या आत, या आम्लांतून मिळतो. हे वाचून काही जण लगेच म्हणतात, मग कोंडा खाल्ला तरी माणूस जाडच होणार! तसं होत नाही. एक ग्रॅम पिठातून ४ कॅलरी मिळतात, तर एक ग्रॅम चोथ्यातून जंतूंच्या हातून गेल्यावर जेमतेम २. शिवाय हीच आम्लं आतड्याच्या अस्तरातल्या काही पेशींना जागं करतात आणि त्या पेशी जीएलपी-१ आणि पीवायवाय नावाची संप्रेरकं सोडतात. ही संप्रेरकं मेंदूला पोट भरल्याचं कळवतात आणि पुढची भूक लांबवतात. जीएलपी-१ तर इन्सुलिनलाही हात देतं. वजन उतरवणाऱ्या ज्या महागड्या इंजेक्शनांचा सध्या बोलबाला आहे, ती या जीएलपी-१ चीच नक्कल आहेत. इंजेक्शनाचा जोर कितीतरी जास्त आणि दिवसेंदिवस टिकणारा असतो, पण रस्ता तोच.

आता याची उलटी बाजू. जेवणातून चोथा गेला, मैदा, साखर आणि तेल वाढलं, तर अन्न वरच्या वरच शोषलं जातं आणि मोठ्या आतड्यापर्यंत जंतूंसाठी फारसं काही पोचत नाही. चोथ्यावर जगणाऱ्या जाती घटतात. उंदरांवरच्या प्रयोगांत असं दिसलं की उपाशी जंतू मग आतड्याच्या आतल्या बुळबुळीत थरावरच ताव मारायला लागतात. हा थर म्हणजे जंतू आणि आपलं रक्त यांच्यामधलं संरक्षण. तो पातळ झाला की जंतूंच्या कवचाचे सूक्ष्म तुकडे रक्तात झिरपतात आणि शरीर सतत मंद दाहाच्या अवस्थेत राहतं. ताप नाही, दुखणं नाही, पण पेशी इन्सुलिनचं ऐकेनाशा होतात. २००७ मध्ये पॅट्रिस कानी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कवचातला हा पदार्थ चार आठवडे थोडा थोडा करून उंदरांच्या अंगात सोडला. खाणं साधंच होतं, तरी त्या उंदरांची साखर वाढली, वजनही वाढलं. 'समतोल बिघडला' असं म्हणतात तेव्हा त्यात एवढं सगळं अभिप्रेत असतं : जातींची विविधता कमी होणं, चोथा खाणाऱ्यांची पीछेहाट आणि ढिला पडलेला आतला पहारा. एखादा दुष्ट जंतू पोटात शिरला, असा त्याचा अर्थ नाही.

दिरांनी जे वाचलं असेल, त्याचं मूळ अमेरिकेतल्या सेंट लुइस इथल्या जेफ्री गॉर्डन यांच्या प्रयोगशाळेत आहे. तिथे जन्मापासून पूर्णपणे निर्जंतुक वातावरणात वाढवलेले उंदीर असतात. २००४ मध्ये अशा उंदरांना साध्या उंदरांच्या आतड्यातले जंतू दिले. पंधरवड्यात त्यांच्या अंगावरची चरबी सुमारे ६० टक्क्यांनी वाढली, आणि तेही ते आधीपेक्षा कमी खात असताना. याहून बोलका प्रयोग २०१३ चा. जुळ्या बहिणींच्या अशा जोड्या निवडल्या की एक लठ्ठ आणि एक सडपातळ. दोघींच्या विष्ठेतले जंतू वेगवेगळ्या निर्जंतुक उंदरांना दिले आणि खाणं सगळ्यांना एकच ठेवलं. लठ्ठ बहिणीचे जंतू मिळालेले उंदीर जास्त चरबी धरू लागले. तुम्हा दोघी जावांचाच प्रश्न जणू पिंजऱ्यात मांडला होता!

या प्रयोगाचा दुसरा अंक मात्र जाहिरातींत कधी येत नाही. दोन्ही प्रकारचे उंदीर एका पिंजऱ्यात ठेवले. उंदीर एकमेकांच्या लेंड्या खातात, त्यामुळे जंतूंची देवघेव आपोआप होते. सडपातळ बहिणीचे जंतू दुसऱ्या उंदरांत जाऊन रुजले आणि त्यांची चरबी वाढायची थांबली. पण हे घडलं ते खाण्यात चोथा भरपूर आणि चरबी कमी होती तेव्हा. उलटं खाणं दिलं, तेव्हा तेच 'चांगले' जंतू रुजले नाहीत. माझ्या मते या सगळ्या विषयातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट हीच आहे : जंतू कोणते आहेत इतकंच, किंबहुना त्याहून जास्त, त्यांच्यापर्यंत काय पोचतं याला मोल आहे.

उंदरांचं माणसांना जसंच्या तसं लागू होत नाही. २०१२ मध्ये ॲमस्टरडॅमच्या डॉक्टरांनी सडपातळ पुरुषांच्या विष्ठेतले जंतू नळीने लठ्ठ पुरुषांच्या आतड्यात सोडले. सहा आठवड्यांनी त्यांच्या शरीरात इन्सुलिन जास्त चांगलं काम करू लागलेलं दिसलं, पण वजन तसूभरही हललं नाही. पुढे काही महिन्यांत इन्सुलिनवरचा परिणामही ओसरला. सुरुवातीला असंही सांगितलं जायचं की जंतूंच्या दोन मोठ्या गटांपैकी फर्मिक्युटीज वाढले आणि बॅक्टेरॉइडीट्स घटले की माणूस लठ्ठ होतो. जास्त माणसं तपासली, तसा हा नियम विरत गेला. विष्ठेचा नमुना पाठवा आणि जाड होणार की बारीक ते जाणून घ्या, अशा महागड्या तपासण्या अजून निघतात. त्यांच्या नादी लागू नका.

रोगजंतू आणि लठ्ठपणा यांचा धागा मुंबईतही सापडला होता, हे फारसं कुणाला माहीत नाही. १९८० च्या दशकात तिथल्या कुक्कुटपालनात एका विषाणूने कोंबड्या मरत होत्या. आजाराने मेलेली कोंबडी वाळलेली असायला हवी, पण यांच्या पोटात चरबी साठलेली आणि यकृत फुगलेलं. पशुवैद्यक डॉ. अजिंक्य यांच्याकडून हे ऐकून लठ्ठपणावर उपचार करणारे डॉ. निखिल धुरंधर चमकले. त्यांनी ५२ लठ्ठ माणसांचं रक्त तपासलं. सुमारे पाचातल्या एकाच्या रक्तात त्या विषाणूची खूण होती, आणि ती माणसं बाकीच्यांपेक्षा जास्त वजनाची होती. धुरंधर पुढे अमेरिकेत गेले आणि तिथे त्यांनी माणसात आढळणाऱ्या अशाच एका विषाणूवर काम केलं. हा विषाणू आहे, आपण ज्यांच्याविषयी बोलतोय ते आतड्यातले जंतू नव्हेत. आणि त्याने माणसांत लठ्ठपणा येतोच, असं सिद्ध झालेलं नाही. पण लठ्ठपणा म्हणजे निव्वळ खादाडपणा, हे बोट रोखणं चुकीचं आहे, एवढं त्या कोंबड्यांनी दाखवून दिलं.

आपल्या माणसांच्या आतड्यांचं काय? त्यासाठी पुण्याला जावं लागतं. तिथल्या नॅशनल सेंटर फॉर सेल सायन्समध्ये डॉ. योगेश शौचे आणि सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये भारतीय लठ्ठ माणसांच्या जंतूंचा एक अभ्यास प्रसिद्ध केला. बारीक, मध्यम, लठ्ठ आणि लठ्ठपणावर शस्त्रक्रिया झालेली, असे चार गट होते, प्रत्येकात पाच माणसं. अमेरिकेतून आलेला तो दोन गटांचा नियम इथे दिसला नाही. लठ्ठ गटात बॅक्टेरॉइड्स या कुळाचे जंतू जास्त होते, आणि आर्किया नावाचे, जंतूंसारखेच दिसणारे पण वेगळ्या वंशाचे जीवही जास्त होते. विष्ठेतली ती छोटी आम्लंही वाढलेली होती. आतड्यातले आर्किया हायड्रोजन वापरून मिथेन बनवतात. हायड्रोजन साचला की आंबण्याचं काम मंदावतं, तो उचलला गेला की जोरात चालतं. त्यामुळे आर्किया आणि जास्त आम्लं यांची जोडी जुळते. शस्त्रक्रिया झालेल्यांत या तिन्ही गोष्टी कमी होत्या. फक्त लक्षात ठेवा, सगळी मिळून २० माणसं. आणि शस्त्रक्रियेनंतर माणसाचं खाणंही बदलतं. जंतू बदलले म्हणून वजन उतरलं, की खाणं बदललं म्हणून दोन्ही बदललं, याचा निवाडा एवढ्यावरून होत नाही. असाच घोळ मधुमेहातही झाला होता. मधुमेह्यांच्या आतड्यातला म्हणून सांगितला गेलेला बराचसा फरक हा ते घेत असलेल्या मेटफॉर्मिनच्या गोळीमुळे होता, हे मागाहून उघड झालं.

हे जंतू मोजतात कसे, याचं उत्तर सवकरांना जवळचं वाटावं असं आहे. आतड्यातले कितीतरी जंतू हवा लागली की मरतात, ते प्रयोगशाळेतल्या बशीत सहज वाढत नाहीत. म्हणून ते वाढवण्याऐवजी त्यांच्यातला एक ठरावीक जनुक वाचतात. त्यासाठी नमुन्यातल्या त्या जनुकाच्या कोट्यवधी प्रती काढाव्या लागतात, आणि प्रती काढताना मिश्रण पुन्हा पुन्हा उकळीच्या जवळ तापवावं लागतं. प्रती काढणारं साधं विकर (एन्झाइम) त्या उष्णतेत निकामी होतं. उष्णता सोसणारं विकर मिळालं ते अमेरिकेतल्या यलोस्टोनच्या गरम पाण्याच्या झऱ्यातून. तिथे १९६६ मध्ये थॉमस ब्रॉक यांना थर्मस ॲक्वाटिकस हा जंतू सापडला होता. प्रती काढण्याच्या या युक्तीसाठी, म्हणजे पीसीआरसाठी, कॅरी मलिस यांना १९९३ मध्ये नोबेल पारितोषिक मिळालं. तुमच्या सवलाही गरम पाण्याचे झरे आहेत. लोक अंगदुखीसाठी तिथे अंघोळीला येतात. तसल्याच कढत पाण्यातल्या एका जंतूमुळे माणसाच्या आतड्यातले जंतू मोजता येऊ लागले.

डॉ. शौचे यांच्या पुण्यातल्या गटाने २०१६ मध्ये भारतीयांच्या आतड्यांची इतर देशांतल्या माणसांशी तुलना केली, तेव्हा आपल्याकडे प्रिव्होटेला आणि मेगास्फिरा ही दोन कुळं ठळकपणे जास्त दिसली. प्रिव्होटेला हे धान्य-कडधान्याचा चोथा खाणारं कुळ. मेगास्फिराच्या एका नव्या जातीला तर २०१४ मध्ये 'इंडिका' असं नाव मिळालं, आणि ते काम पुण्यातल्याच संशोधकांचं. थोडक्यात, अमेरिकन माणसाचं निरोगी आतडं हे आपल्या निरोगी आतड्याचं माप नव्हे. परदेशी लोकांसाठी ठरवलेला 'समतोल' आपल्याला लावायची घाई करू नये.

आता तुम्ही आणि जाऊबाई. एका चुलीवरचं जेवण हे खरं, पण एकच जेवण का, ते तपासा. दिवसातून किती कप चहा आणि प्रत्येकात किती साखर? आणि टाकायला नको म्हणून पातेल्यात उरलेलं शेवटी कोण संपवतं? बहुतेक घरांत ते एकीच्याच वाट्याला येतं. तुम्ही दोघी वेगवेगळ्या माहेरच्या, तेव्हा जनुकंही वेगळी. माणसामाणसांतल्या वजनाच्या फरकात जनुकांचा वाटा मोठा असतो. बाळंतपणं, झोप, ताण, चाळिशीनंतरचे बदल, काही औषधं, हेही आहेच. पाच-सहा वर्षांत वजन सतत वाढतंय, तर जंतूंच्या मागे लागण्याआधी थायरॉइड आणि साखर तपासून घ्या. त्या साध्या रक्ततपासण्या आहेत. पाळी अनियमित असेल तर तेही डॉक्टरांना सांगा. या यादीत जंतूंनाही जागा आहे, पण शेवटच्या बाकावर.

आणि जाऊबाई सडसडीत म्हणून निर्धास्त, असंही नाही. पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी हे अनेक वर्षांच्या अभ्यासातून दाखवलं. २००४ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात त्यांनी आणि ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांनी स्वतःचीच मापं फोटोसह छापली. उंचीच्या प्रमाणात दोघांचं वजन तंतोतंत सारखं, बीएमआय २२.३. पण शरीरातली चरबी युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२! आपल्याकडचा माणूस वरून बारीक दिसला तरी आत, विशेषतः पोटाभोवती, चरबी बाळगून असतो. म्हणूनच भारतीयांसाठी बीएमआय २३ च्या वर गेला की वजन जास्त, आणि २५ ला लठ्ठपणा धरतात. बायकांची कंबर ८० सेंटिमीटरच्या वर आणि पुरुषांची ९० च्या वर गेली की सावध व्हायचं. शिवणकामाची टेप घ्या आणि दोघींचीही कंबर मोजा.

राहिली ती बाटली. एका कॅप्सूलमधले ५०० कोटी हा आकडा वाचून डोळे फिरतात, पण आतड्यात आधीच ३८ लाख कोटी आहेत. म्हणजे साधारण साडेसात हजारांत एक. लावणी होऊन गच्च भरलेल्या खाचरात बांधावरून मूठभर बी फेकावं, तसं ते आहे. बहुतेक जंतू चार-आठ दिवस राहून निघून जातात. वजनावर अशा कॅप्सूलचे जे प्रयोग झाले, त्यांत सरासरी फरक एका किलोच्याही आत राहिला. अँटिबायोटिकमुळे लागणाऱ्या जुलाबात काही ठरावीक जातींचा उपयोग होतो. तो वेगळा विषय. धडधाकट माणसाला त्यातून सहसा अपाय होत नाही, म्हणून दिरांचं मन राखायला बाटली संपवलीत तरी चालेल. नवी मात्र मागवू नका. ज्यांची प्रतिकारशक्ती खालावली आहे त्यांनी अशा कॅप्सूल डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नयेत. 'पोट साफ' करून जंतू बदलण्यासाठी रेचकं घेणाऱ्यांनाही तेच सांगेन : जुलाबाने जे वजन उतरतं ते पाण्याचं असतं.

बाटलीपेक्षा भरवशाची गोष्ट महाड-पोलादपूरच्या डोंगरउतारावर पिकत आलीय. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०१७ च्या तक्त्यांनुसार १०० ग्रॅम नाचणीत सुमारे ११ ग्रॅम चोथा असतो, तेवढ्याच पांढऱ्या सडीक तांदळात ३ ग्रॅमहून कमी, कुळथात ८ च्या जवळपास. गेल्या पिढीत घराघरांत नाचणी-वरी मागे सरली आणि पांढरा तांदूळ, बिस्किटं, फरसाण पुढे आलं, याचं मला मनापासून वाईट वाटतं. नाचणी म्हणजे औषध नव्हे, तिच्याही भाकरीत कॅलरी असतातच. चारच्या जागी सहा खाल्ल्या तर वजन उतरणार नाही. पण तांदळाच्या एका वाढपाच्या जागी नाचणीची एक भाकरी, रोज एक वाटी कुळीथ, वाल, पावटा किंवा चवळी, आणि पहिल्या पावसानंतरचा टाकळा, कुर्डू, भारंगी. एवढ्याने मोठ्या आतड्यापर्यंत पोचणारं अन्न दुप्पट होऊ शकतं. वेगवेगळ्या जातींना वेगवेगळा चोथा लागतो, म्हणून एकाच गोष्टीचा मारा करण्यापेक्षा आलटून-पालटून खा. वाढवायचं तेही हळूहळू, दोन-तीन आठवडे घेऊन, पाणी पुरेसं पिऊन. नाहीतर पोट फुगतं आणि माणूस तिसऱ्या दिवशी सोडून देतो.

भाताशी वैर धरायचं कारण नाही. शिजलेला भात गार झाला की त्यातलं थोडं पीठ असं बसतं की ते लहान आतड्यात पचत नाही, पुढे जंतूंच्या वाट्याला जातं. फक्त उन्हाळ्यात भात रात्रभर उघडा ठेवू नका, त्यात विषबाधा करणारे जंतू वाढतात. घरचं दही-ताक रोज घ्या. स्टॅनफर्ड विद्यापीठाने २०२१ मध्ये ३६ माणसांवर केलेल्या अभ्यासात, दहा आठवडे दह्यासारखे आंबवलेले पदार्थ जास्त खाणाऱ्यांच्या आतड्यातली विविधता वाढली आणि दाहाच्या खुणा कमी झाल्या. वजन कमी झालं नाही, हेही सांगायला हवं. सर्दीला अँटिबायोटिक मागून घ्यायची सवय मात्र बंद करा. सर्दी विषाणूंची असते, गोळी मारते ती जंतूंना. डेन्मार्कमध्ये निरोगी पुरुषांना चार दिवस तीव्र अँटिबायोटिकं दिली, तेव्हा जंतूंची घडी दीड महिन्यात बरीचशी सावरली, पण काही नेहमीच्या जाती सहा महिन्यांनीही परतल्या नव्हत्या.

आणि शेवटी तुमची मुलगी. गाव सोडल्यावर जंतू बदलतात का? हो, आणि लवकर बदलतात. थायलंडमधून अमेरिकेत गेलेल्या ह्मोंग आणि करेन समाजाच्या बायकांचा अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. काही महिन्यांतच त्यांची विविधता घटायला लागली होती आणि प्रिव्होटेलाची जागा बॅक्टेरॉइड्स घेत होते. जितकी वर्षं तिथे, तितका बदल मोठा, आणि लठ्ठपणाही वाढलेला. पुणं म्हणजे अमेरिका नव्हे, पण मेसमधला भात, बटाट्याची भाजी, मैद्याची रोटी आणि रात्रीचं नूडल्सचं पाकीट त्याच दिशेला नेतं. दिलाशाची गोष्ट अशी की खाणं बदललं की जंतूंचा कल दोन-चार दिवसांतच हलायला लागतो, दोन्ही दिशांना. तेव्हा तिच्या सामानात बेसनाच्या लाडवांच्या डब्याबरोबर भाजलेल्या नाचणीचं पीठ द्या, ताकात कालवून सकाळी पिता येतं. भाजलेले चणे, शेंगदाणे द्या, चार वाजताच्या भुकेला बिस्किटांऐवजी उपयोगी पडतील. मेस निवडताना रोज उसळ असते का आणि ताक मिळतं का, एवढं तिला विचारायला सांगा. आणि सुट्टीत घरी आली की तिच्यासाठी वेगळं काही करत बसू नका. तुमच्या दोघींच्या ताटात जे असेल तेच तिलाही वाढा.